प्लास्टर गार होईपर्यंत

“मला वेळ देऊ नका,” वहिनी एकदा म्हणाली होती, “वेळ दिला की मी चोर होते.”

जिन्यात म्हणाली. मी वर चाललो होतो आणि ती स्वतःच्याच घराच्या दारासमोर किल्ली हातात धरून उभी होती. दुसऱ्या हातात एक पिशवी, छातीशी घट्ट धरलेली. किल्ली कुलपात घालायला तिचा हात होत नव्हता. आत घरातली माणसं तिची वाट बघत गप्प बसली होती, आणि ते गप्प बसणं बाहेर जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

मी वरच्या मजल्यावर एकटा राहतो. खाली माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, त्याची बायको म्हणजे ही वहिनी, त्यांची मुलगी चिंगी आणि आमची आई. वहिनी या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अगं-अरे आहे. तिला काही बोलायचं असलं की ती जिन्यात बोलते. पायरीवर बसायचंसुद्धा नाही, कठड्याला टेकून, निघायच्या तयारीत.

वहिनी कवळ्या बनवते. एका दवाखान्याच्या तळघरात लॅब आहे, तिथे. वर डॉक्टर माणसांच्या तोंडातून मापं घेतात, ती मापं ओल्या फडक्यात गुंडाळून खाली येतात. वहिनीचं काम पहिलं: रबरी वाटीत प्लास्टर कालवायचं, मापात ओतायचं, हळूहळू टेबलावर आपटत बुडबुडे वर आणायचे. एक बुडबुडा आत राहिला की साच्यातल्या दाताला भोक पडतं, मग त्या साच्यावर केलेली कवळी कुणाच्या तरी हिरडीला आयुष्यभर टोचत राहते. म्हणून ओतताना ती श्वाससुद्धा जपून घेते. ओतून झालं की मात्र काहीच करायचं नसतं. प्लास्टर आपलं आपण घट्ट होतं. आधी गरम होतं, कुणीतरी आत्ताच हातात धरून ठेवल्यासारखं, आणि मग गार पडतं. गार पडलं की काम पुढे सुरू. मधला तो वेळ कुणाचाच नसतो. मालकाचा नाही, डॉक्टरांचा नाही, वर खुर्चीत तोंड मिटून बसलेल्या त्या म्हाताऱ्याचाही नाही.

त्या वेळात वहिनी लिहायची.

‘लिहायची’ हा शब्द माझा. ती कधी असं म्हणाली नाही. “जरा टिपलं,” म्हणायची. मेणाचे गुलाबी पत्रे ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात ती खोकी फाडून, त्यांच्या आतल्या करड्या बाजूवर, साच्यावर खुणा करायची निळी पेन्सिल घेऊन. डाव्या हाताची पालथी बोटं प्लास्टरला लावलेली आणि उजवा हात पुठ्ठ्यावर. डाव्या हाताला गार लागलं की उजवा थांबायचा. वाक्य अर्धं असलं तरी. उलट अर्धं असलं तर बरंच, म्हणायची, दुसऱ्या दिवशी शेपटी धरून ओढता येतं.

काही दिवशी एक ओळ. काही आठवडे काहीच नाही. मी कधी विचारलं तर म्हणायची, “नाही बाबा, सध्या काही आलेलं नाही,” ज्या आवाजात आपण म्हणतो की बाजारात सध्या चांगली भेंडी नाही. पुठ्ठे हरवायचे. एकावर मालकाने चहाचा कप ठेवला. एक तर कुणाच्या तरी कवळीबरोबर पॅक होऊन गेला, आणि त्या गिऱ्हाइकाचा फोन आला की दात छान बसले, पण सोबत जे लिहून दिलंय त्यातली ती बाई शेवटी माहेरी गेली का? लॅबमध्ये पॉलिशच्या मशीनवर एक मावशी बसते, सगळे तिला पॉलिशवाली म्हणतात. ती दिवसभर हसत होती. “बघ, तुझे वाचक दात नसलेले आहेत. काही वाईट लिहिलंस तरी चावणार नाहीत.”

वहिनीला हरवल्याचं वाईट वाटायचं नाही, असं नाही. पण ते छत्री हरवल्याचं वाईट वाटणं होतं. दुसऱ्या पावसाला दुसरी छत्री.

मग चिंगीने घोळ केला. प्रेमाने केला. आमच्या घरात सगळे घोळ प्रेमानेच होतात.

वहिनीच्या पिशवीतले पुठ्ठे तिने काढले, लावून बघितले, आणि त्यात एक पूर्ण गोष्ट निघाली. एका बाईचा नवरा जातो, त्याची कवळी ग्लासात राहते, आणि बाई रोज सकाळी त्या ग्लासातलं पाणी बदलते. एवढंच. चिंगीने ती फोनवर उतरवून एका साप्ताहिकाला पाठवली. वहिनीला विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. गोष्ट छापून आली. तिच्यामागून एका प्रकाशकाचा निरोप आला की अशा आणखी गोष्टी असतील तर थंडी संपायच्या आत पाठवा, पुस्तक करू.

त्या दिवशी घरात जे झालं ते मी पाहिलं. आमच्या आईने चष्म्यावर भिंग धरून ती गोष्ट मोठ्याने वाचली. ग्लासातलं पाणी बदलण्याशी आली तेव्हा तिने पान खाली ठेवलं. आईची स्वतःची कवळी वहिनीनेच केलेली आहे. आणि बाबा गेल्यावर आई त्यांच्या चपला कितीतरी दिवस पुसून दारात ठेवायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आई वहिनीकडे बघत राहिली. “मला वाटायचं तू नुसतं बघतेस,” ती म्हणाली. “तू तर ठेवून घेतेस गं.”

दादा उभाच राहिला. तो फर्निचरच्या कारखान्यात मुकादम आहे, त्याला आनंद झाला की तो मापं घ्यायला लागतो.

“बास,” तो म्हणाला. “हिला आता नीट सोय करून द्यायची. तळघरात पुठ्ठ्यावर काय लिहायचं? ती काय माणसाने लिहायची जागा आहे?”

“अहो, मला तिथेच बरं पडतं,” वहिनी म्हणाली.

“तुला काय बरं पडतं ते तुला कुठे कळतं? तुला वाईटातच बरं पडायची सवय आहे.”

आई म्हणाली, “माझी खोली घ्या.”

सगळे नको नको म्हणाले. आई ऐकते थोडीच. “मला काय करायची खोली? झोपायला. झोप सोफ्यावर येत नाही का?”

आईची पाठ वाकडी आहे. त्या खोलीत तिचा पलंग, पलंगाशी फळी, फळीवर चष्मा, औषधं आणि रात्री कवळी ठेवायचा ग्लास. अंधारात हात लांब केला की जी ती वस्तू जागच्या जागी हाताला लागायची. पलंग तिथेच राहिला, बाकीचं सगळं आठवड्याभरात सोफ्याच्या हातावर आलं. दादाने स्वतःच्या हाताने टेबल केलं. एकही खिळा न मारता, सगळे जोड खाचांचे. पॉलिश पेपरने इतकं घासलं की त्यावर कागद ठेवला तर घसरायचा. चिंगीने आपला जुना लॅपटॉप दिला. आणि दादा लॅबच्या मालकाला जाऊन भेटला. वहिनीला न सांगता, तिला आश्चर्याचा आनंद द्यायचा म्हणून. तिला जरा हलकं काम द्या, म्हणाला, आणि दुपारी सोडा. मालक भला माणूस. त्याने तिला प्लास्टरवरून उठवून पुढच्या काउंटरवर बसवलं, तयार कवळ्या डब्यांत भरायला. प्लास्टरवर एक नवा माणूस आला.

सगळ्यांनी आपापलं काहीतरी काढून दिलं होतं. वहिनीने फक्त लिहायचं होतं.

दुपारचं जेवण झालं की दिवे लागेपर्यंत, ही लिहायची वेळ ठरली. दादाची पाळी पहाटेची, दुपारी तो घरीच. दाराच्या घंटीची तार त्याने सोडवून ठेवली. टीव्ही लागायचा पण मुका. आई आपल्या मालिका ओठांवरून समजून घ्यायची, आणि मध्येच चिंगीला कुजबुजत विचारायची, “हा रडतोय का हसतोय?” चपला घरात बंद झाल्या. चिंगी अभ्यासाला वर माझ्याकडे येऊ लागली. फोडणीसुद्धा लिहायच्या वेळेआधी. शेजारची बाई काही मागायला आली तर दादा दार किलकिलं करून बोट ओठांवर ठेवायचा आणि खोलीकडे मान हलवायचा. आत कुणी आजारी आहे असं तिला वाटलं. ती फळं घेऊन आली.

आणि आत वहिनी. टेबलासमोर.

ते मला तिने त्या दिवशी जिन्यात सांगितलं. म्हणाली, पहिल्या दिवशी वाटलं, नवीन जागा आहे, होईल. दुसऱ्या दिवशीही. मग लक्षात आलं की तिला सगळं ऐकू येतंय. आई सोफ्यावर कूस बदलते ते. कूस बदलताना कण्हणं गिळते ते. दादा पेपरचं पान उलटण्याआधी थांबतो ते. एक अख्खं घर श्वास रोखून बसलंय आणि तो श्वास सोडायची परवानगी तिच्या एका वाक्यावर अडकली आहे. असं वाक्य कुठून आणायचं?

“पाण्याला बाहेर आले की सगळे माना वर करतात,” ती म्हणाली. “आई विचारतात, झालं? हे म्हणतात, किती झालं? रागाने नाही रे. आशेने. रागाने विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. आता मी तहान लागली तरी बाहेर येत नाही.”

“मग आत करतेस काय?”

ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

“टकटक करते.”

“म्हणजे?”

“लॅपटॉपवर. बोटं चालवते. काहीही. दात दात दात दात लिहिते. मग पुसते. बाहेर आवाज जायला हवा ना. एक दिवस आवाज नव्हता तर हे दाराशी येऊन उभे राहिले, आत यायची हिंमत नाही, नुसते उभे. त्यांच्या पायांची सावली दाराखालून दिसत होती. मी टकटक सुरू केली, तेव्हा सावली गेली. नंतर फोनवर कुणाला तरी सांगत होते, अहो, जोरात चाललंय.”

“वहिनी, सांगून टाक ना.”

“काय सांगू? आईंची पाठ परत घ्या? ते टेबल बघितलंस तू? त्याला एक खिळा नाही.”

तेव्हाच ती ते वाक्य बोलली, वेळ दिला की मी चोर होते. लॅबमध्ये तो वेळ पडलेला होता, उचलला तर उचलला. आता हातात दिलाय, आणि रोज संध्याकाळी रिकामा परत करायचा. मी पिशवीकडे बघितलं. पिशवीला एक बारीक पांढरी रेष होती, गळाल्यासारखी.

“प्लास्टर,” ती म्हणाली. “कुणाला सांगू नकोस.”

नव्या माणसाची नजर चुकवून नव्हे, मालकाला विचारून तिने ते आणलं होतं. भिंतीचं भोक बुजवायचंय म्हणाली. खोलीत गेल्यावर तिने एका जुन्या वाटीत पाणी घेतलं, प्लास्टर कालवलं, ओतलं आणि डावा हात त्यावर ठेवला. प्लास्टर गरम व्हायला लागलं आणि तिला, ती नंतर म्हणाली, रडू यायचंच बाकी राहिलं, कारण एक वाक्य आलं. मग दुसरं. गार पडेपर्यंत चार ओळी झाल्या. त्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली तेव्हा दादाने नेहमीसारखं विचारलं, “किती झालं?” आणि ती पहिल्यांदा खरं बोलली, “थोडं.”

पुढच्या दिवशी तिने दोन वाट्या ओतल्या. एकही ओळ आली नाही. तिसऱ्या दिवशी तीन. मला पुढे जिन्यात म्हणाली, “हाताला कळतं रे. त्यात कुणाचेच दात नाहीत. वर कुणी थांबलेलं नाही. मीच मला फसवायला कालवलंय, आणि प्लास्टर काही फसत नाही.”

तरी ती ओतत राहिली. भीती माणसाला असं काहीतरी करायला लावते ज्यात हात चालू राहतात. वाटीच्या आकाराचे पांढरे गोळे पलंगाखाली जमायला लागले, गुळगुळीत, एकसारखे, कुणाच्याही तोंडाचे नसलेले. थंडी उतरणीला लागली होती. प्रकाशकाचा एक फोन येऊन गेला होता, तो दादाने घेतला होता आणि पाठवतोच म्हणाला होता. वहिनी काउंटरवर कवळ्या डब्यांत भरताना उलट्या भरायला लागली, खालची वर, वरची खाली. पॉलिशवालीने एक दिवस तिला विचारलं, “काय गं, घरी सगळे ठीक आहेत ना?”

“सगळे फार चांगले आहेत,” वहिनी म्हणाली.

पॉलिशवालीने मशीन बंद केलं. “मग अवघड आहे,” म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, चिंगी माझ्याकडे अभ्यासाला आली ती पुस्तकाशिवाय.

“काका, खाली चल. आजीचे दात तुटलेत आणि आईला कुणी सांगत नाहीये.”

“का?”

“लिहायची वेळ आहे ना.”

खाली गेलो. आई सोफ्यावर बसली होती, तोंडावर हात धरून. समोर दादा, त्याच्या तळहातावर कवळीचे दोन तुकडे. सोफ्याच्या हातावरून ग्लास पडला होता. फळी असती तर पडला नसता, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कुणी म्हणत नव्हतं. आतून टकटक येत होती. त्या घरात मला एकट्यालाच माहीत होतं की ती टकटक काय आहे. ती ऐकत तिथे उभं राहणं मला जमेना.

“हाक मार ना तिला,” मी म्हणालो.

“श्श,” दादा म्हणाला. “ऐकतोस ना, कसा सूर लागलाय. दिवे लागले की सांगू. दात काय, कुठे पळून चाललेत?”

आईने मान हलवली. तिलाही तसंच वाटत होतं. मग तिने हाताआडून काहीतरी म्हटलं, आणि दात नसल्यामुळे त्यातून नुसती हवा निघाली, सायकलच्या चाकातून निघते तशी. चिंगीने ओठ दाबले. आईने पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा हवा. आईच्याच डोळ्यांत हसू आलं, चिंगी उशीत तोंड खुपसून बसली, तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ते फुटलं. दोघी हसायला लागल्या, मोठ्याने, त्या घरात कित्येक दिवसांत कुणी हसलं नव्हतं तसं. दादा हातवारे करत होता, अरे गप्प, अरे गप्प.

टकटक थांबली.

दार उघडलं. वहिनी दारात उभी होती. हसू जागच्या जागी विझलं. तिने आमच्याकडे एकेकाकडे बघितलं आणि मग दादाच्या तळहाताकडे.

“कधी तुटली?”

“आत्ताच,” दादा म्हणाला.

“काही आत्ताच नाही,” चिंगी म्हणाली. “सकाळी. तू लॅबला गेल्यावर. आजी दुपारी जेवलीसुद्धा नाही. पदर तोंडाशी धरून जेवतेय असं दाखवलं तिने, तू ताटावर होतीस म्हणून. भात कालवून नुसता फिरवत बसली होती.”

“अगं, तुझं लिहिणं मोडू नये म्हणून,” आई म्हणाली, निदान तसं काहीतरी. तिने तोंडावरचा हात काढला. दातांशिवाय तिचं तोंड एकदम लहान झालेलं होतं, जन्माला आल्यासारखं.

वहिनी पुढे आली. दादाच्या हातातून तुकडे घेतले, खिडकीशी नेले, उजेडात जुळवून बघितले. पहिल्याच खेपेला जुळले.

“मेण आहे माझ्याकडे. साचा घरी होईल,” ती म्हणाली. “पुढचं लॅबला.”

“आत्ता? अगं, पण तुझी वेळ,” दादा म्हणाला.

ती आत जाऊन पिशवी घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरला. गॅस लावला, लोखंडी पट्टी तापवली, मेणाने दोन तुकडे जोडले. “हे प्लास्टर घरात कुठून आलं?” दादाने विचारलं. “आहे,” ती म्हणाली. वाटीत कालवलं. ओतायला लागली तेव्हा श्वास जपून घेत होती. टेबलावर हळूहळू आपटत बुडबुडे वर आणले. आपटण्याच्या त्या आवाजाने, कसं कोण जाणे, घर सैल झालं. आई येऊन टेबलाशी बसली. चिंगीने टीव्हीचा आवाज केला. दादा म्हणाला की आईला पेज तरी करू या, आणि त्याने भांडं काढताना दुसरी चार भांडी पाडली. शेजारच्या बाईने घंटी वाजत नाही म्हणून दार बडवलं, आणि आजार कसा आहे विचारलं.

“कोणाचा आजार?” वहिनी म्हणाली.

“तुझाच असणार,” चिंगी म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

“आजी, तू हसू नकोस, हवा जाते,” तीच पुढे म्हणाली.

“तुझ्या वयाची होते तेव्हा अक्रोड फोडायचे मी दातांनी,” आई हवेतून म्हणाली, आणि सगळ्यांना कळलं.

वहिनीने डाव्या हाताची पालथी बोटं प्लास्टरवर ठेवली होती. ते गरम व्हायला लागलं असावं. ती आईच्या तोंडाकडे बघत होती. त्या लहान, मिटत-उघडत असलेल्या तोंडाकडे. मग तिने उजव्या हाताने टेबलावर चाचपलं. साखरेचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा होता, तो तिने एका हाताने दाबून फाडला. केसांत खोचलेली निळी पेन्सिल काढली. आणि लिहायला लागली.

भांडी वाजत होती, टीव्हीवर कुणीतरी कुणाला घराबाहेर काढत होतं, आई अक्रोडांबद्दल सांगत होती. निळी पेन्सिल करड्या पुठ्ठ्यावर चालत होती. एक ओळ, दुसरी, खोडलं, तिसरी. मी श्वास रोखला नाही. मुद्दाम रोखला नाही. काहीतरी बोलत राहायला हवं म्हणून आईला विचारलं की अक्रोड एका बाजूने फोडायचीस की दोन्ही.

तेवढ्यात दादाने वळून पाहिलं.

त्याचा चेहरा उजळला. मी अजून तो चेहरा विसरलेलो नाही. त्यात काहीही खोटं नव्हतं. त्याने गॅस बंद केला. झटकन जाऊन टीव्ही मुका केला. आईच्या खांद्यावर हात ठेवला, चिंगीला डोळ्यांनी दटावलं, आणि बोट ओठांवर ठेवलं.

“आलं!” तो कुजबुजला. “जा, जा, आत जा टेबलावर. आम्ही कुणी काही बोलणार नाही. जा तू. लिही.”

पेन्सिल थांबली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. आई दातांशिवाय, आशेने. नळाचा एक थेंब भांड्यात पडला. वहिनीने त्या शांततेकडे असं बघितलं, जणू ती कुणी बाई आहे आणि पुन्हा दारात येऊन उभी राहिली आहे. मला वाटलं आता ही उठेल आणि आत जाईल. टकटक सुरू होईल आणि मग कायम चालू राहील.

ती उठली. पण लगेच नाही. डावा हात तिने प्लास्टरवरून हलवला नव्हता. ते गार पडेपर्यंत ती तशीच बसून राहिली, आमच्या सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन, आणि एकदाही मान खाली न घालता. मग बोटं उचलली. उठून आत गेली.

दादाने माझ्याकडे विजयाने बघितलं.

आतून पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ती प्लास्टिकची टोपली घेऊन बाहेर आली आणि ती दादासमोर टेबलावर ठेवली. त्यात ते पांढरे गोळे होते, वाटीच्या आकाराचे, कितीतरी. दादाने एक उचलला. उलटसुलट करून बघितला. त्यावर काहीच नव्हतं, कुणाचं माप नव्हतं, कुठे खाच नव्हती. जोड आणि खाचा ओळखणारा माणूस तो. त्याने ‘किती झालं’ विचारलं नाही.

वहिनीने सोफ्यावरची आईची उशी उचलली, पांघरूण उचललं, हातावरचा चष्मा आणि औषधं घेतली. खोलीत गेली. फळीवर एकेक वस्तू ठेवल्याचा आवाज आम्ही ऐकला. आईने टेबलाची कड धरली आणि सावकाश उठली, आणि उठताना ती कण्हली, मोठ्याने, गिळून न टाकता.

“अगं,” दादा म्हणाला. “अगं, पण ते पुस्तक… मी त्यांना सांगितलंय…”

वहिनीने साचा ओल्या फडक्यात गुंडाळला. त्याला धक्का लागू नये म्हणून भोवती साखरेच्या डब्याचा पुठ्ठा दुमडून घातला, लिहिलेली बाजू आत. दाराशी जाऊन चपला घातल्या. लॅब अजून उघडी असायची वेळ होती, आणि या वेळी पॉलिशवाली तिथे एकटीच असते, प्लास्टरचं टेबल रिकामं. पेन्सिल केसांत परत खोचली. दादाच्या हातात अजून तो गोळा होता.

तिने दार उघडलं आणि जिना उतरून गेली.